दोन लाखांचा संगणक, छप्पन्न टन ऊस

२०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरवली. या दराने दोन लाख रुपयांचा संगणक घ्यायचा तर ५६ टन ऊस कारखान्याला घालावा लागतो, आणि तोडणी-वाहतूक वजा धरली तर त्याहून जास्त. वाळवा, पलूस, कराड या बागायती पट्ट्यात एकरी चाळीस-पन्नास टन काढणारा शेतकरी चांगला समजला जातो. म्हणजे एका एकराहून अधिक रानातला ऊस एका संगणकात गेला, आणि आडसाली लागण असेल तर तो ऊस जवळपास दीड वर्ष रानात उभा होता. नोकरदाराचे माप वेगळे, पण उत्तर फारसे वेगळे नाही. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून १६ हजार रुपये आहे. त्यातला एक रुपयाही न खर्चता हा संगणक घ्यायला त्याला साडेबारा महिने लागतील.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत इतका भारी संगणक हवा कोणाला, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर गेल्या दहा वर्षांत पूर्ण बदलले आहे. लग्नाचे शूटिंग करणारे बहुतेक जण आता फोर-केमध्ये चित्रीकरण करतात. कासचे पठार, मेणवलीचा घाट, पाचगणीची टेबललँड इथले प्री-वेडिंगचे काम हा या भागातला नियमित धंदा झाला आहे आणि त्याचे मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचे संपादन, घरच्या खोलीत बसून होते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत किंवा राजारामनगरच्या आरआयटीत शिकणाऱ्या मुलाला शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मशीन लर्निंगचे मॉडेल चालवायचे असते. कुपवाड, मिरज, पलूस, सातारा इथल्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपला सीएनसीसाठी त्रिमिती डिझाइन लागते. बंगल्याचे एलेव्हेशन ग्राहकाला हलत्या चित्रात दाखवल्याशिवाय तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरलाही आता काम मिळत नाही. आणि खेळणारी मुले आहेतच. त्यांची हौस मी कमी लेखणार नाही, कारण या भागात संगणक उघडून त्याचे भाग ओळखायला शिकलेली पुष्कळ मुले खेळाच्या नादानेच तिथवर पोचलेली आहेत.

हे सारे भारी काम आहे. हलके काम गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर याच मुलखातल्या एका जुन्या प्रयोगात सापडते आणि ते नीट पाहण्यासारखे आहे.

१९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी, ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून त्याचा खर्च उचलला. चौपन्न केंद्रांवर संगणक बसले. त्यावर शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीची माहिती, सरकारी दाखले असे सगळे मिळावे, अशी कल्पना होती. देशभरातून लोक पाहायला आले, परदेशात अभ्यास झाले. प्रत्यक्षात त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदीपुरता राहिला: किती टन गेला, किती पैसे जमा झाले, किती खत उचलले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागाने त्याच भागातल्या सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली. संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणले. सगळे काम झाले. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा फोनच आवडला.

या निकालाचा अर्थ ‘गावाला संगणक नको’ असा काढणारे काढतात. मला तो तसा दिसत नाही. संगणकाकडून जे हलके काम अपेक्षित होते ते सगळे फोनने घेतले: निरोप, नोंदी, पैशाचे व्यवहार, बातम्या, सातबारा. संगणकाकडे उरले ते फोनला न झेपणारे काम. म्हणून आज या जिल्ह्यांत जो माणूस घरी संगणक घ्यायचे ठरवतो तो सुरुवातीलाच जड कामासाठी ठरवतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक होता. बाकीच्या घरांत पहिला संगणक येईल तो टायपिंग शिकायला येणार नाही. स्वस्त संगणकाचे जे प्रयत्न झाले, २००५ च्या सुमाराचे दहा हजारांच्या आतले डेस्कटॉप असोत किंवा २०२३ चे १६,४९९ रुपयांचे जिओबुक, ते या गरजेच्या वाटेवर येतच नाहीत. परवडण्याची चर्चा अजून ‘सर्वांत स्वस्त संगणक कितीला’ इथेच अडकलेली आहे, आणि गरज मात्र पुढे निघून गेली आहे.

आता किमतीकडे वळू. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर कोटेशन हातात आले की ग्राहकाचा पहिला संशय दुकानदारावर जातो आणि तो पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला भाव विचारायला फोन करतो. तिथे दोन-चार हजारांचा फरक निघतो. पण मोठी रक्कम कुठे जाते ते एका उदाहरणाने स्पष्ट होते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक कार्ड ५४९ डॉलरला जाहीर केले. तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले ४७ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साडेपंचावन्न हजारांच्या पुढे. भारतातली जाहीर किंमत होती ५९ हजार. डॉलर आणि जीएसटी यांनीच जवळजवळ सगळी किंमत खाल्ली आहे. दुकानदाराच्या वाट्याला उरते ते थोडे, आणि त्यातच त्याला वॉरंटीचे हेलपाटेही घालावे लागतात.

डॉलरची गोष्ट साधी आणि कठोर आहे. २०१० च्या सुमारास ५०० डॉलरची वस्तू साडेबावीस हजारांना पडत होती. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. वस्तूची डॉलरमधली किंमत तीच राहिली तरी आपल्याला ती पंचेचाळीस हजारांना पडते. वरच्या पायरीवर डॉलरमधली किंमतही तशी राहिलेली नाही. २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय ६९९ डॉलरचे होते. २०२५ चे आरटीएक्स ५०९० १,९९९ डॉलरचे, आणि भारतात जाहीर झाले २,१४,००० रुपयांना. एवढ्या पैशांत साठ टन ऊस होतो आणि त्यात फक्त कार्ड येते.

कराची रचना मला जास्त खटकते. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारामुळे संगणक आणि त्याचे बहुतेक भाग यांवर मूळ आयात शुल्क नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंधांची घोषणा झाली तेव्हा घबराट पसरली, पण पुढे ते प्रकरण आयातीच्या परवानगीच्या नोंदणीवर थांबले. जड आहे तो जीएसटी, कारण तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. जीएसटी क्रमांक असलेली कंपनी दोन लाखांच्या संगणकावरचा तीस हजारांचा कर आपल्या करातून वळता करून घेते, उरलेल्या किमतीवर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा लावते. तोच संगणक त्याच दुकानातून विद्यार्थ्याने घेतला तर त्याला पूर्ण दोन लाख पडतात. नवखा मिक्सिंगवाला, ज्याची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, तोही पूर्ण भरतो. म्हणजे ज्याची ऐपत सगळ्यांत कमी त्याला यंत्र सगळ्यांत महाग. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. खुद्द संगणकावरचा होता तिथेच राहिला. शिकणाऱ्या मुलाच्या पहिल्या संगणकावरचा कर परत मिळावा अशी मागणी या भागातल्या आमदार-खासदारांनी लावून धरायला हवी. ती अवास्तव नाही.

आणि यात नवी भर पडली ती मेमरीची. २०२१ मध्ये ग्राफिक कार्डे आभासी चलन काढणाऱ्यांनी पळवली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ती मागणी ओसरली. आता पाळी रॅमची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीस काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीहून अधिक चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशिअल’ हा आपला ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. सांगलीतला असेंबल करणारा माणूस वर्षानुवर्षे ‘क्रुशिअल टाकू का?’ असे विचारत आला. तो पर्यायच गेला. याच मायक्रॉनचा गुजरातेत साणंदला चिप जोडणी-चाचणीचा कारखाना उभा राहिला आहे, पण कारखाना देशात आला म्हणजे दुकानातला भाव उतरतो असे नाही. मेमरीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो.

इतके महाग असलेले यंत्र घेताना तरी ते नेमके घेतले जाते का? माझ्या मते या भागातले सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

लग्नाच्या व्हिडिओचे काम घ्या. आजचे बहुतेक चांगले कॅमेरे १०-बिट ४:२:२ प्रकारची एच.२६५ फाइल देतात. ही फाइल उलगडायला संगणकाला फार कष्ट पडतात, टाइमलाइन अडखळते, आणि माणूस समजतो की ग्राफिक कार्ड कमी पडले. तो कर्ज काढून लाखाचे कार्ड घेतो. तरीही ती अडखळतेच, कारण एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही विशिष्ट फाइल उलगडण्याची सोय २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत नव्हतीच. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सच्या भागात ती आहे. त्यातही मेख अशी की इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी ‘एफ’ लागतो त्यात हा भाग बंद असतो. तो प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये हमखास येतो. ग्राहक थोड्या पैशांसाठी नेमकी कामाची गोष्ट गमावतो आणि मग लाखाच्या कार्डाने ती भरून काढू पाहतो. यंत्र आहे तेच ठेवूनही मार्ग आहे: मूळ फाइलींच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, रात्री बनायला लावून द्यायच्या, त्यांवर काम करायचे आणि शेवटी मूळ फाइली जोडून घ्यायच्या. यासाठी एक रुपया लागत नाही. पण हे सांगणार कोण? दुकानदार यंत्र विकतो, आणि मिक्सिंग जाणणारा त्याच्याकडे नोकरीला नसतो.

आराखड्याचेही असेच. दुमिती ऑटोकॅडला भारी ग्राफिक कार्ड लागत नाही. तिथे एका गाभ्याचा वेग महत्त्वाचा, आणि सोळा गाभ्यांच्या प्रोसेसरमधले चौदा नुसते बसून राहतात. एलेव्हेशन हलत्या चित्रात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र कार्ड लागते, आणि चांगले लागते. मशीन लर्निंगच्या विद्यार्थ्याला कार्डाच्या वेगापेक्षा त्यावरची मेमरी मोलाची. १२ जीबीचे जुने आरटीएक्स ३०६० त्याला ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा जास्त उपयोगी पडते. फोटो आणि अल्बम डिझायनिंग करणाऱ्याने आधी रंग खरे दाखवणारा मॉनिटर घ्यावा. तो घेतला जात नाही, कारण झगमगता कॅबिनेट दुकानात डोळ्यात भरतो आणि मॉनिटरचा खरेपणा अल्बम छापून आल्यावरच कळतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात अॅपलने एम४ चिपचा मॅक मिनी १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांना आणला, विद्यार्थ्यांना ४९,९०० ला. वर सांगितलेली फाइल तो सहज उलगडतो. फोर-के मिक्सिंग एवढेच काम असेल तर साठ हजारांच्या या डब्याने दोन लाखांच्या असेंबल पीसीची गरज पुष्कळांसाठी संपवली आहे, हे मी ठामपणे म्हणेन. त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत: रॅम नंतर वाढवता येत नाही, बिघडला तर गावात दुरुस्ती नाही, आणि सॉलिडवर्क्ससारखी विंडोजवरची सॉफ्टवेअरे त्यावर नीट चालत नाहीत. अभियांत्रिकीच्या मुलाने त्याच्या मागे लागू नये.

जुन्या यंत्रांचा बाजारही मोठा आहे. पुणे-बंगळूरच्या कंपन्यांनी भाड्याची मुदत संपल्यावर सोडलेली डेल, एचपीची वर्कस्टेशन इकडे येतात आणि नव्याच्या अंशभर किमतीत मिळतात. बनावट भक्कम असते. पण घेताना प्रोसेसर कोणत्या पिढीचा हे विचारावेच. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर चालत नाही. लिनक्स टाकून ब्लेंडरसारखी मोफत सॉफ्टवेअरे वापरायची तयारी असेल तर हीच यंत्रे आणखी पाच वर्षे काम देतील. कंपनीच्या डब्याचे एसएमपीएस आणि मदरबोर्ड मात्र बरेचदा वेगळ्या जोडणीचे असतात. पुढे मोठे कार्ड बसवायचा बेत असेल तर तिथे अडते.

किमतीच्या बाहेरचा खर्च कोटेशनवर लिहिलेला नसतो. पाचशे वॅट ओढणारे यंत्र दिवसाला आठ तास चालले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत शंभर युनिट होतात, आणि घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ते वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. यूपीएस लागतोच, कारण खेड्यात दाब खालीवर होतो. हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत काजळी पडते ती कॅबिनेटच्या जाळीत जाऊन बसते. सांगलीकरांना पुराचाही हिशोब ठेवावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तळमजल्यावरच्या स्टुडिओत दोन लाखांचे यंत्र ठेवणाऱ्याने त्याचा विमा उतरवला आहे का, हा प्रश्न त्याला कर्ज देणाऱ्यानेही विचारायला हवा.

कर्जाबद्दल दोन गोष्टी. दुकानातल्या शून्य टक्के हप्त्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. व्याज किमतीत किंवा शुल्कात बसवलेले असते. रोखीचा भाव आधी विचारून घेतला की ते दिसते. दुसरी गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते: अभ्यासक्रमासाठी आवश्यक असेल तर संगणकाची वाजवी किंमत शैक्षणिक कर्जात धरता येते. इंजिनिअरिंगच्या फीसाठी कर्ज काढणारे घर संगणकासाठी वेगळे, जास्त व्याजाचे कर्ज काढते, हे टळण्यासारखे आहे. धंदा करणाऱ्यासाठी मुद्रा योजनेतला ५० हजार ते ५ लाखांचा ‘किशोर’ गट याच मापाचा आहे. मराठा तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून व्याजाचा परतावा मिळतो. खुद्द अण्णासाहेब पाटण तालुक्यातले, त्यामुळे या भागात महामंडळाचे नाव माहीत आहे. पण त्या कर्जातून ट्रॅक्टर आणि वाहने येतात तितके संगणक येत नाहीत.

क्लाउडचा पर्यायही पुढे केला जातो. मशीन लर्निंगच्या विद्यार्थ्याला तो खरोखर योग्य आहे. गुगल कोलॅब मर्यादित प्रमाणात मोफत आहे, आणि केंद्राच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेतून जीपीयू, म्हणजे ग्राफिक प्रोसेसर, तासाला सरासरी ६५ रुपयांच्या आसपास देण्याची व्यवस्था झाली आहे. त्याने कर्ज काढून कार्ड घेऊ नये. लग्नवाल्याला मात्र हे कामाचे नाही. एका लग्नाचे ३०० जीबी चित्रण ५० एमबीपीएसच्या वेगाने वर चढवायला तेरा तासांहून जास्त वेळ लागतो, तोही लाइन एकदाही तुटली नाही तर.

मग उरतो तो मार्ग ज्यात या दोन जिल्ह्यांचा हात धरणारे राज्यात थोडे. नदीचे पाणी एकट्याने उचलणे परवडत नव्हते तेव्हा कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात गरीब मुलांची वसतिगृहे चालवली. महाग साधन एकत्र घेऊन आळीपाळीने वापरायचे, हे इथल्या माणसाला कोणी शिकवायला नको. तरी संगणकाच्या बाबतीत प्रत्येक घर एकटे दुकानात जाते. आणि ज्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चांगली यंत्रे आहेत त्या संध्याकाळी कुलूपबंद असतात.

या भागात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. महिन्याची फी भरायची, आपली जागा घ्यायची, रात्री उशिरापर्यंत बसायचे. त्याच धर्तीवर संगणकाची अभ्यासिका का निघू नये? माझा ढोबळ हिशोब असा. सव्वा लाखाची सहा यंत्रे म्हणजे साडेसात लाख. चार वर्षांत ती फेडायची तर महिन्याला पंधरा-सोळा हजार. जागा, वीज, इंटरनेट आणि यंत्रे सांभाळणारा एक जाणकार मिळून आणखी पंचवीस हजार. तीस सभासदांनी पाळ्या वाटून घेतल्या तर प्रत्येकी महिन्याला साडेतेराशेच्या आसपास पडतात. त्या जाणकाराचा पगार हा यातला सर्वांत कामाचा खर्च ठरेल, कारण ‘एफ’वाला प्रोसेसर घेऊ नकोस हे सांगणारा माणूस आज या साखळीत कुठेच नाही. स्वतःचे यंत्र घेण्याआधी मुलाने तिथे दोन महिने काम करून पाहावे आणि आपल्याला खरोखर काय लागते ते मोजावे.

लग्नसराईत रात्रंदिवस मिक्सिंग करणाऱ्याचे यावर भागणार नाही. त्याला यंत्र हाताशी हवे. त्याने नेमके, गरजेपुरते, शक्य तर जीएसटी क्रमांक काढून घ्यावे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते चार-सहा महिने लागते. उन्हाळी सुटीत शिकायला येणाऱ्या बारावीच्या मुलीला दोन महिने. या दोघांसाठी ५६ टन ऊस मोडायची गरज नाही. त्यांच्यासाठी एखाद्या महाविद्यालयाने किंवा नगर वाचनालयाने संध्याकाळी सहा ते दहा एक खोली उघडी ठेवायची आहे.